डोंगर टप्प्याटप्प्याने चढावा

"सिस्टर, आम्हाला रजा नाही, पैसा नाही, गुडघे तर नाहीतच. आम्ही कसला डोंगर चढतो?"

आमच्या वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत एका ताईंनी असे म्हटले आणि सगळ्या हसल्या. मी रक्तदाब आणि मधुमेहासाठी चालण्याचे महत्त्व सांगत होते. रोज अर्धा तास चाला, हे वाक्य वॉर्डातल्या नोकरीत आणि नंतर वस्त्यांतून फिरताना मी हजारदा बोलले असेन. पण चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला परतणाऱ्या बाईला ते वाक्य टोचते. ती दिवसभर उभीच असते. तिला चालायला सांगायचे तर चालण्यात काहीतरी गंमत असायला हवी, कुठेतरी पोहोचायला हवे.

त्यातूनच ठरले की नाणेघाटापासून कार्ल्यापर्यंत सह्याद्रीच्या कडेने चालायचे. सलग नाही, कारण आठ-दहा दिवस घर सोडणे आमच्यापैकी एकीलाही शक्य नव्हते. महिन्यातून एक रविवार, जमले तर शनिवारची रात्र धरून. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वेळी सुरुवात. दोन हिवाळे लागले, टप्पे झाले आठ. आम्ही चौदा जणी होतो. सर्वांत लहान चोवीस वर्षांची, सर्वांत मोठी एकसष्ट. त्यांत घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, सफाई खात्यातल्या दोघी आणि एक निवृत्त शिक्षिका.

वाट अशी होती

कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी वैशाखऱ्याला उतरवते. तिथून नाणेघाट चढून वर घाटघर, हा पहिला टप्पा. सराव असलेले लोक हा घाट दोन-तीन तासांत चढतात, आम्हाला चार लागले. वर सातवाहनकाळातले लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे आणि त्यातले अंक भारतातल्या जुन्यात जुन्या अंकांपैकी मानले जातात. अंगणवाडीच्या ताईंनी त्यातला एक अंक शोधायचाच असा हट्ट धरला, त्यामुळे सगळ्यांना अर्धा तास विश्रांती मिळाली. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत ती या वर्दळीमुळेच.

दुसरा टप्पा घाटघर ते ढाकोबाच्या पायथ्याचे आंबोली. तिसरा आंबोलीहून दुर्गवाडीमार्गे आहुपे. चौथा आहुप्याहून भीमाशंकरच्या जंगलात, जिथे शेकरू दिसते. पाचवा गणेश घाटाने खाली खांडसला. शिडी घाटाची वाट जवळची आहे, पण धोक्याची, म्हणून ती आम्ही घेतली नाही. खांडस ते कोंदिवडे हा डांबरी तुकडा आम्ही टमटमने गेलो आणि ते लपवत नाही. सहावा टप्पा कोंढाणे लेण्यांवरून राजमाची, सातवा राजमाचीहून लोणावळा आणि आठवा भाजे, मळवली, कार्ले.

टप्प्यांनी चालण्याचा शरीराला मोठा फायदा आहे. चालायला लागल्यावर दम वाढतो तो काही आठवड्यांत. स्नायूही लवकर तयार होतात. पण कंडरा, सांध्यांचे बंध आणि हाडे यांना भार पेलायला शिकायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दम आहे म्हणून माणूस पळत सुटतो आणि गुडघा किंवा टाच धरून बसतो. दोन टप्प्यांमध्ये महिना मिळाला की शरीर त्या ताणाची डागडुजी करून घेते. अट एकच, मधले दिवस अंथरुणात घालवायचे नाहीत. आमच्या बायका मधल्या दिवसांत रेल्वेचा पूल दोन वेळा जास्त चढत. तेवढे पुरले.

तिसऱ्या टप्प्यात काय घडले

आता जे लिहिते आहे त्यात चूक माझी आहे.

आमच्यातली सर्वांत लहान मुलगी मूळ भंडाऱ्याकडची. ती मला मावशी म्हणते. आंबोलीहून वर चढून दुर्गवाडीच्या सपाटीवर आलो तेव्हा ती मागे पडू लागली. दुपारी दोनला तिच्या मांड्या आणि पाठ इतकी दुखू लागली की तिला बसताही येईना. मला वाटले, स्नायू आखडले. मी तिची बाटली उचलली. सकाळी भरलेली बाटली जशीच्या तशी होती.

"पाणी का नाही प्यायलीस गं?"

"इथं झाडच नाही मावशी. कुठं जाणार? आणि पाळी पण आहे." मग तिने माझा हात ओढून कानात सांगितले, "मी एसएस आहे."

सिकलसेल, एसएस पॅटर्न. मी विदर्भातली आहे, जीएनएमचे शिक्षण तिथेच घेतले. सिकलसेलच्या दुखण्याने रात्रभर कण्हणारी मुले मी वॉर्डात पाहिली आहेत. तरीही माझ्याच गटातली एक मुलगी तो आजार घेऊन डोंगर चढते आहे, हे मला ठाऊक नव्हते.

जवळच्या महादेव कोळी कुटुंबाने तिला घरात घेतले. त्या घरच्या आजींनी पडवीत हिरडा वाळत घातला होता. तो बाजूला करून त्यांनी गोधडी अंथरली, चूल पेटवली. आम्ही तिला ऊब दिली, घोट घोट पाणी दिले, तिच्या पिशवीतली तिची नेहमीची वेदनाशामक गोळी दिली. ताप नव्हता, छातीत दुखत नव्हते, श्वास ठीक होता. तासाभरात जीप मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लागले आणि दोन दिवसांनी ती घरी आली.

मी चौदा वर्षे वॉर्डात होते. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटला पडद्याआड घेऊन मी विचारत असे, आधीचा आजार काय, गोळ्या कोणत्या, घरात कुणाला काही आहे का. डोंगरावर निघताना मात्र मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ओळ टाकली होती: कुणाला काही आजार असल्यास कळवावे. त्या ग्रुपमध्ये त्या मुलीची आई होती, मावशी होती, सोयरिकीतल्या दोघी होत्या. एसएस कळल्यावर तिची दोन स्थळे मोडली होती. आई म्हणाली होती, "पोरीचं लग्न व्हायचं आहे बाई, कोणाले सांगू नको." चौदा जणींसमोर ती काय कळवणार होती?

त्यानंतर आम्ही काय बदलले

पहिले, प्रत्येकीशी मी एकटीने बोलू लागले. आजार, गोळ्या, रक्तगट, घरचा एक नंबर हे चिठ्ठीवर लिहून बंद पाकिटात माझ्याकडे द्यायचे. गरज पडली तरच पाकीट उघडायचे, घरी पोहोचल्यावर परत. या बोलण्यातून कळले की तिघी रक्तदाबाच्या गोळ्या घेत होत्या. एक जण तर गोळीने लघवी जास्त होते म्हणून सहलीच्या दिवशी ती चुकवत होती.

दुसरे, आडोसा. बायका वाटेवर पाणी कमी पितात ते तहान नसते म्हणून नव्हे, जागा नसते म्हणून. त्यातून उन्हाळी लागते, डोके दुखते, चक्कर येते आणि सिकलसेलवाल्या मुलीला जीवघेण्या वेदना होतात. आता आम्ही दोन जुन्या साड्या बरोबर ठेवतो. दर दीड तासाने सगळा गट थांबतो, चौघी साड्या धरतात, बाकीच्या जाऊन येतात. कुणाला मागावे लागत नाही, लाजावे लागत नाही. पाण्याच्या झऱ्यापासून आणि टाक्यांपासून लांब जायचे, पॅड कागदात गुंडाळून घरी आणायचे.

तिसरे, पाणी मोजायचे. थंडीतही तासाला साधारण अर्धा लिटर, ऊन असेल तर जास्त. लेण्यांजवळच्या पाण्याच्या टाक्यांना जुन्या शिलालेखांत पोढी म्हटले आहे. दगड फोडून लेणे करणाऱ्यांनी आधी पाण्याची सोय पाहिली होती. मात्र आज त्यातले पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरिनची गोळी टाकूनच प्यावे. फेब्रुवारीनंतर बरीच टाकी आटतात, म्हणून आपले पाणी आपण न्यावे.

सिकलसेल आणि डोंगर

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. भारतात तो प्रथम 1952 साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. विदर्भात तो आदिवासींइतकाच आपल्या समाजातही आढळतो. 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. कामासाठी मुंबई-ठाणे-पुण्याकडे आलेली विदर्भातली कुटुंबे त्यातून सहज सुटतात, म्हणून तपासणी आपणच मागायला हवी.

एएस म्हणजे वाहक. बहुतेक वाहक निरोगी असतात, डोंगर चढू शकतात. मात्र उन्हात, पाण्याविना, ईर्षेने पळत चढू नये. अतिश्रमाने स्नायू झिजून लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायूंना प्रचंड वेदना झाल्या, तर थांबून थेट दवाखाना गाठावा.

एसएस म्हणजे आजार. पाण्याची कमतरता, थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग यांनी लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि वेदनेचा झटका येतो. अशा मुलीने चालूच नये असे नाही. हलके, सपाटीचे, थांबत थांबत चालणे डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येते. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या चुकवू नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप, अंगाच्या एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये.

आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी दोघांची तपासणी करावी ती यासाठी. तपासणी मुलीला नाकारण्यासाठी नाही. आजार आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो.

ती पुन्हा आली

मी तिला पुढे नेणार नव्हते. ती माझ्याकडे येऊन भांडली. "मावशी, तुम्ही पण तसंच करताय. सांगितलं की काढून टाकायचं."

मला उत्तर सुचले नाही. आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो. घाट चढायचा नाही, थंडीत रात्रीचा मुक्काम उघड्यावर करायचा नाही, दुखू लागले की त्याच क्षणी सांगायचे, या अटींवर त्यांनी परवानगी दिली. तिने आहुपे ते राजमाची सगळे टप्पे सोडले. राजमाची ते लोणावळा टप्प्यात ती शेवटच्या चार किलोमीटरला आम्हाला येऊन मिळाली. आठव्या टप्प्यात मळवली स्टेशनावर ती सगळ्यांच्या आधी हजर होती.

कार्ल्याच्या पायऱ्या तिने पाच वेळा बसून चढल्या. तिच्याबरोबर एकसष्ट वर्षांच्या बाईही पाच वेळा बसल्या. मोठ्या चैत्यात आम्ही पोहोचलो तेव्हा शिक्षिकाबाई खांबांवरचे दानलेख दाखवत होत्या. या चैत्याला कुणी खांब दिला, कुणी दार घडवले, त्यात धेनुकाकटचा एक सुतारही आहे. कुणी सगळे लेणे एकट्याने केलेले नाही, ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले.

जेवायला बसलो तेव्हा तिने भाकरीचा तुकडा हातात धरूनच सगळ्यांना सांगितले की तिला काय आहे. आई खाली मान घालून बसली होती. थोड्या वेळाने तिनेच पोरीच्या ताटात ठेचा वाढला. परतीच्या लोकलमध्ये चौघींनी मला विचारले, ही तपासणी कुठे होते. त्या आठवड्यात सहा जणी आरोग्य केंद्रात गेल्या. एक एएस निघाली. तिची मुलगी लग्नाची आहे. आता तिचीही तपासणी होईल.

आमच्या भंडाऱ्याच्या मुलीला परवा एक स्थळ आले. या वेळी तिने पहिल्याच भेटीत सांगितले. उत्तर अजून आलेले नाही.

निघण्यापूर्वी हे पाहा

• हिमोग्लोबिन तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग घाट.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशी चालू नका. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या. रात्री तळपाय नीट पाहा, फोड कळत नाही.

• रक्तदाबाची गोळी चुकवू नका. वेळ किंवा मात्रा बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारा.

• गुडघ्याला त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो. हातात काठी घ्या, पावले लहान टाका.

• ओआरएसची पाकिटे ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. यापेक्षा जास्त मीठ घालू नका.

• पावसाळ्यात घाटवाटांना जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला.

• गटातली जी सर्वांत हळू चालते, तिला सर्वांत पुढे ठेवा. बाकीच्यांनी तिच्या चालीने चालावे.

जय भीम.