विडी सुटली, श्वास सावरला

तालुक्यातल्या एका गावचा बत्तीस वर्षांचा शेतकरी माझ्याकडे आला. तीन महिन्यांपासून कोरडा खोकला, वजन घटलेले, पिकाला पाणी भरताना दम लागायचा. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात डाग होते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत; तरीही मी क्षयाचीच औषधे सुरू केली. आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की डॉक्टरला आधी क्षयच आठवतो.

दोन महिन्यांनी त्याच्या छातीत अचानक कळ आली. फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली होती. धुळ्याला नळी घालून ती काढली. सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी आणि पोकळ्या दिसल्या. छातीरोगतज्ज्ञांनी त्याला पहिला प्रश्न केला, "विड्या किती?" "रोज दीड बंडल." हा प्रश्न मीही विचारला होता; पण उत्तर कागदावर लिहून पुढे गेलो होतो.

या दुर्मिळ विकाराचे नाव पल्मनरी लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. पॉल लँगरहॅन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये विद्यार्थिदशेतच त्वचेतील विशिष्ट पेशींचे वर्णन केले. तशाच पेशी धुरामुळे बारीक श्वासनलिकांभोवती गोळा होतात. आधी गाठी होतात, मग त्या पोखरून पोकळ्या पडतात. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीत दिसतो आणि दहांपैकी नऊहून अधिक रुग्ण धूम्रपान करणारे असतात. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे विडी-सिगारेट पूर्ण बंद. बऱ्याच रुग्णांत तेवढ्याने गाठी विरतात, रोग थांबतो. मात्र मोठ्या झालेल्या पोकळ्या सहसा भरून येत नाहीत आणि काहींत धूम्रपान सोडूनही रोग वाढतो. त्यांना औषधे लागतात. म्हणून तपासणी चालू ठेवावी.

आमच्या रुग्णाने विडी सोडली. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली. पारावर बसणेही त्याने टाळले. वर्षभरानंतरच्या स्कॅनमध्ये गाठी बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. पोकळ्या राहिल्या, पण आता तो दम न लागता शेतात जातो.

वाचकहो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी जरूर तपासा. क्षयाची औषधे मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांना विड्यांचा खरा आकडा सांगा. व्यसन सोडायला १८००-११-२३५६ या दूरध्वनीवर मोफत सल्ला मिळतो. आणि आम्हा डॉक्टरांनीही तो आकडा नुसता लिहून ठेवू नये.