पाणवठ्याची शीव आणि तिचा मध्य

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातच रोगाचे मूळ असावे, असे डॉ. जॉन स्नो यांचे मत झाले. मृत्यूंच्या खुणा असलेल्या नकाशावर पुढे त्यांनी एक रेघ ओढली. त्या रेघेवर कोठेही उभे राहिले, तरी हा पंप आणि शेजारचा पंप चालत जाण्यास सारख्याच अंतरावर पडत. रेघेच्या आत खुणांची दाटी होती; बाहेर त्या विरळ होत गेल्या होत्या.

ज्याला जो पाणवठा जवळ, तो त्याचा, एवढ्याच न्यायाने सारा प्रदेश वाटता येतो. सरळ अंतर धरले, तर दोन शेजारी बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक हीच त्यांच्यामधली शीव होय. अशा वाटणीला गेऑर्गी व्होरोनॉय या गणितज्ञाचे नाव मिळाले आहे. पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून खोऱ्याचा सरासरी पाऊस काढताना अभियंते ‘थीसनचे बहुभुज’ आखतात, तेही हेच.

परंतु वाटणी न्यायाची झाली, म्हणून पाणवठा योग्य जागी आहे असे नव्हे. विहीर क्षेत्राच्या एका कोपऱ्यात असेल, तर पलीकडच्या टोकाच्या घरातील बाईची पायपीट काही चुकत नाही. मग विहीर क्षेत्राच्या गुरुत्वमध्यावर न्यावी. (कागदावर, अर्थात! खरी विहीर सरकत नसते.) पण विहिरी हलल्या की जवळ-दूरचा हिशेब बदलतो आणि शिवा नव्याने आखाव्या लागतात. शिवा बदलल्या की मध्यही ढळतात. एक दुरुस्ती दुसरीला बिघडवते, असा हा पेच दिसतो.

तो केवळ दिसण्यापुरता आहे. प्रत्येक जागेपासून तिच्या विहिरीपर्यंतच्या अंतराचा वर्ग घेऊन सर्वांची बेरीज करावी. शिवा नव्याने आखल्या की प्रत्येक जागेला जवळचीच विहीर मिळते; बेरीज वाढणे शक्य नाही. विहीर गुरुत्वमध्यावर आणली, तरीही ती वाढत नाही, कारण वर्गांची बेरीज तेथेच सर्वांत कमी असते. म्हणून हाच फेरा पुनःपुन्हा घातला असता शिवा आणि मध्य यांचा मेळ बसत जातो. क्षेत्र पुष्कळ मोठे व सपाट असेल, तर बहुतेक तुकडे षट्कोनासारखे दिसू लागतात.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली ही युक्ती योजली, ती टेलिफोनसाठी. आवाजाची लहर अंकांत पाठवायची, तर तिच्या असंख्य उंचींऐवजी मोजक्या पायऱ्याच निवडाव्या लागतात. जी उंची वारंवार येते, तेथे पायऱ्या दाट हव्यात. त्यांचा निबंध छापून प्रसिद्ध झाला मात्र १९८२ साली!

मेळ बसला म्हणजे उत्तम मांडणी साधलीच, असेही समजू नये. एखादे लांबट आयताकार शेत उभ्या लांबीने चिरून दोन अरुंद पट्ट्या केल्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर विहीर खणली, तर शीव व मध्य अगदी जुळतात. तरीही तेच शेत आडवे तोडून दोन आखूड तुकडे केले असते, तर चालणे कमी झाले असते. आरंभ कोठून केला, यावर बरेच अवलंबून असते.

हवामानाच्या गणितात आज हीच वाटणी पृथ्वीच्या गोलावर करतात. अक्षांश-रेखांशांचे चौकोन ध्रुवांपाशी चिंचोळे होतात. गुरुत्वमध्यावर बसविलेल्या बिंदूंच्या जाळ्यात ती अडचण येत नाही. शिवाय ज्या प्रदेशाचे हवामान बारकाईने पाहावयाचे, तेथे घरे लहान ठेवून ती बाहेर हळूहळू मोठी करीत नेता येतात.