चेंडू येण्याआधी ओळखायचा

व्हॉलीबॉल म्हटलं की उंच उडी आणि जोरदार स्मॅश आठवतो. पण तो स्मॅश जमिनीला टेकू न देणं हेही मोठं कसब आहे. आज आम्ही त्याबद्दल सांगणार आहोत.

१९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांचं व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं. जपानच्या संघातल्या बहुतेक जणी ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या कापड गिरणीत नोकरीला होत्या. आधी काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी त्यांच्याकडून एक युक्ती घोटून घेतली: झेपावून चेंडू उचलायचा आणि खांद्यावरून कोलांटी घेत लगेच उभं राहायचं. अंतिम सामन्यात त्यांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ३-० हरवलं. कप्तान मासाए कासाई तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या.

तो सराव फार कठोर होता, त्यावर टीकाही झाली. मुलींना तसं राबवा, असं आम्ही म्हणत नाही. पण राखण करणं शिकून येतं, हे त्यातून घ्यावं.

स्मॅश झाल्यावर धावलं तर उशीर होतो. म्हणून मोठ्या खेळाडू चेंडूच्या आधी माणूस बघतात. समोरच्या सेटरकडे चेंडू नीट गेला का? जाळीपासून लांब गेला असेल, तर तिच्यापुढे पर्याय थोडे उरतात. मग मारणारीची धाव, खांदा आणि हात बघायचा. आपल्या ब्लॉकवाल्यांनी जी बाजू अडवली, ती सोडून मोकळ्या बाजूला उभं राहायचं. चेंडूला हात लागतो त्या क्षणी पाय स्थिर, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर.

याचा सराव सोपा आहे. एकीने स्मॅश मारायचा. पलीकडच्या मुलीने हात चेंडूला लागायच्या आत ओरडून सांगायचं, 'सरळ' की 'तिरका'. आधी चुकेल, हळूहळू नजर बसेल.

१९९८ पासून खेळात लिबेरो आली. वेगळ्या रंगाची जर्सी घालून ती फक्त मागच्या फळीत राखण करते. २०१२ साली लंडनला कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानची लिबेरो युको सानो १५९ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे जेमतेम सव्वापाच फूट होती.

तेव्हा मैत्रिणींनो, 'बुटकी आहे, हिला काय जमणार' म्हणून कुणी गावातल्या मुलीला मैदानाबाहेर बसवत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा.