संत मंगळवेढ्याचे, समाध्या पंढरीत

पंढरपूरहून मंगळवेढा जेमतेम पंचवीस किलोमीटर. वारकरी दामाजीपंतांच्या देवळात डोकं टेकतात, चहा घेतात आणि परतीच्या एस.टी.कडे बघू लागतात. गाव बघायचं राहूनच जातं.

बाराव्या शतकात हे कलचुरींचं ठाणं होतं. बिज्जलाची गादी कल्याणला जाण्याआधी इथे होती. बसवेश्वरांची चाकरीही इथलीच. त्या वैभवातली देवळं शोधायची, तर भुईकोट किल्ल्यात. पडक्या देवळांच्या दगडांतूनच तो बांधला, असं जुनं सोलापूर गॅझेटियर सांगतं. पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरात कॅथेड्रलजवळच्या रोमन देवळाचं असंच झालं. त्याचे खांब भिंतींत चिणले गेले, तिथे खाटीकखाना चालला. १८७१च्या सुमारास भिंती उतरवल्या, तेव्हा खांब मोकळे झाले. मंगळवेढ्याच्या दगडांच्या नशिबी तेवढं कौतुक नाही.

चोखोबा मात्र या गावातून हलवता येत नाहीत. १३३८ साली गावकुसाचं काम चालू होतं आणि वेठीला धरलेल्या मजुरांत ते होते. कुसू कोसळलं, माणसं गाडली गेली. नामदेव आले, तेव्हा ढिगाऱ्यात हाडं कुणाची हे कसं ओळखायचं? त्यांनी एकेक हाड कानाशी धरलं म्हणतात. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं. त्या अस्थी पंढरपुरात महाद्वारासमोर पुरल्या. देवळात मात्र त्यांच्या महार जातभाईंना पाऊल टाकता आलं ते १९४७मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

दामाजीपंतांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून वाचावी. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारं लुटवली, तेव्हा विठ्ठलानं विठू महार होऊन बीदरला धान्याची किंमत भरली. देवाला महाराचं रूप चालतं, पुजाऱ्यांना खरा महार चालत नव्हता! कान्होपात्राही इथलीच, तिनंही देह ठेवला तो विठ्ठलापाशी.

कोठारं भरणारी काळी जमीन अजून आहे. रब्बीची मालदांडी पाटाच्या पाण्याशिवाय, जमिनीतल्या ओलीवर उभी राहते. २०१६मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं मात्र वर्षानुवर्षं पाण्यासाठी आंदोलनं करताहेत आणि दर निवडणुकीत उमेदवार तेच पाणी घेऊन मतं मागायला येतात.