धांड्याची पेंढी आणि एकशेदहा मजले

वडनेर भोलजीच्या शिवारात ज्वारी निसवली की तिच्याकडे एकदा विज्ञानाच्या नजरेने पाहावे. आठ फूट उंचीचा धांडा, बुंध्याशी जेमतेम अंगठ्याएवढा जाड आणि टोकाला दाण्यांनी भरलेले कणीस. उंची जाडीच्या शंभरपटीच्या आसपास! वारा आला की सारे शेत वाकते आणि वारा गेला की पुन्हा उभे राहते. सोयाबीन आणि कपाशीपुढे ज्वारीचा पेरा आता पुष्कळ घटला आहे, तरी लहानपणी धांड्याची बैलगाडी करून खेळलेले शिक्षक आमच्या वाचकांत भरपूर असतील. त्यांना आठवत असेल, की धांडा सोलताना टणक लागते ती फक्त साल. आतला गर भेंडासारखा हलका असतो आणि बोटाने दाबला तरी दबतो. बांबू तर आतून पोकळच.

हेच तत्त्व पोलादात आणि काँक्रीटमध्ये उतरवून जगातल्या अतिशय उंच इमारती उभारणाऱ्या एका संस्थेची ओळख या लेखात करून घेऊ. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल असे तिचे लांबलचक नाव आहे. आद्याक्षरांवरून तिला एस.ओ.एम. म्हणतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचे २०१४ साली सुरू झालेले दुसरे टर्मिनल याच संस्थेच्या आराखड्यानुसार बांधलेले आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

आधी उंच इमारतीची अडचण काय असते ते पाहू. वडनेरहून नांदुऱ्याकडे गेले की महामार्गालगत १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती लागते. तशा चौदा मूर्ती एकावर एक ठेवल्या, तर शिकागोच्या सिअर्स टॉवरची उंची होईल. इतक्या उंचीवर इमारतीचे स्वतःचे वजन हा प्रश्न असतोच, पण तो सुटण्याजोगा असतो. खालचे खांब अधिक भक्कम केले की झाले. खरा त्रास देतो तो वारा.

इमारत म्हणजे जमिनीत रोवलेली उभी काठी समजा. वारा तिला एका बाजूने ढकलतो. उंची दुप्पट केली, तर वाऱ्याला सापडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणून बलही दुप्पट. शिवाय ते बल पायथ्यापासून सरासरी दुप्पट अंतरावर लागते. म्हणजे पायथ्याशी इमारत उलथवू पाहणारा परिणाम चौपट झाला. वारा जमिनीपासून वर जावे तसा जोराचा होतो, ही त्यात आणखी भर. त्यामुळे मजले वाढले की केवळ वाऱ्याला तोंड देण्यासाठी लागणारे पोलाद झपाट्याने वाढते. जुन्या पद्धतीत इमारतीच्या पोटात सगळीकडे खांब आणि तुळयांचे जाळे उभारत. न्यूयॉर्कची १९३१ सालची एम्पायर स्टेट इमारत अशीच आहे. तिच्यात दर चौरस मीटर मजल्यामागे सुमारे २०६ किलो पोलाद लागले.

एस.ओ.एम.ची सुरुवात १९३६ साली शिकागोत झाली. लुई स्किडमोर आणि नॅथॅनियल ओविंग्ज हे नात्याने मेहुणे. १९३३ साली शिकागोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या कामात दोघांनी हात घातला होता. १९३९ साली जॉन मेरिल त्यांना येऊन मिळाले आणि ते अभियंता होते, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. वास्तुशिल्पज्ञाने सुंदर चित्र काढायचे आणि मग ते अभियंत्याकडे पाठवून ‘हे उभे राहील असे करा’ म्हणायचे, ही तेव्हाची रीत होती. या संस्थेत दोघे एकाच कचेरीत, पुष्कळदा एकाच टेबलाशी बसू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या गुप्त प्रकल्पासाठी ओक रिज नावाचे अख्खे गाव वसवण्याचे काम तिला मिळाले. तिथली वस्ती थोड्याच वर्षांत पाऊण लाखावर गेली. एवढा व्याप सांभाळण्याची सवय संस्थेला तिथे लागली असावी, असे आम्हाला वाटते. ते कशासाठी वसले, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो इतिहासाच्या तासाला जरूर विचारावा.

आता १९५५ साली या संस्थेत रुजू झालेल्या एका तरुणाकडे येऊ. फझलूर रहमान खान यांचा जन्म १९२९ साली ढाक्याचा. कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकत होते. १९५० च्या दंगलींमुळे त्यांना ढाक्याला परतावे लागले आणि पदवी तिथे पुरी करावी लागली. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. शिकागोत त्यांना जोडीदार मिळाला तो ब्रूस ग्रॅहम हा वास्तुशिल्पज्ञ.

खानांनी विचारलेला प्रश्न धांड्याकडे पाहून सुचावा असाच आहे. खांब इमारतीच्या पोटात कशाला हवेत? ते सगळे बाहेरच्या कडेला आणून जवळजवळ उभे केले आणि तुळयांनी घट्ट जोडले, तर संपूर्ण इमारतच एक पोकळ नळी होईल. खिडक्या म्हणजे त्या नळीला पाडलेली भोके.

नळीने काय साधते ते वर्गात फळ्यावर सहज दाखवता येते. एक भरीव दांडा घ्या, त्रिज्या १ सें.मी. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ π चौ. सें.मी. आता तेवढ्याच द्रव्याची नळी करा, बाहेरची त्रिज्या ३ सें.मी. आणि आतली √८, म्हणजे सुमारे २.८३ सें.मी. हिच्या छेदाचे क्षेत्रफळ π(९−८), म्हणजे पुन्हा π च. द्रव्य तेवढेच, वजनही तेवढेच. पण वाकण्याला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दांड्यासाठी १ चा चौथा घात १. नळीसाठी बाहेरचा ८१, त्यातून आतला ६४ वजा करायचा, उरले १७. म्हणजे तेवढ्याच पोलादात नळी दांड्यापेक्षा सतरापट ताठ!

याचे कारण असे, की काठी वाकते तेव्हा तिची वाऱ्याकडची बाजू ताणली जाते आणि पलीकडची दाबली जाते. मधल्या रेषेवरचे द्रव्य ना ताणले जाते, ना दाबले जाते. ते नुसते ओझे होऊन बसलेले असते.

वहीच्या दोन सारख्या कागदांपैकी एकाची घट्ट सुरळी आणि दुसऱ्याची दोन-अडीच सें.मी. व्यासाची नळी करून, दोन्ही दोन पुस्तकांवर आडव्या ठेवून मध्ये वजन टांगून पाहावे. नळी अधिक वजन पेलते. पण ती मोडते तेव्हा हळूहळू वाकत नाही, एकदम चेपते. भिंत फार पातळ केल्याची ही शिक्षा. धांड्याला आणि बांबूला ठिकठिकाणी पेरे असतात ते चेपणे रोखतात. इमारतीत तेच काम मजल्यांच्या आडव्या जमिनी करतात.

या पद्धतीची पहिली त्रेचाळीस मजली काँक्रीटची इमारत १९६० च्या दशकाच्या मध्यास शिकागोत उभी राहिली. पण तिच्या गणितात एक उणेपणाही दिसला. खिडक्यांच्या भोकांमुळे नळीची भिंत थोडी सैल वागते. कोपऱ्यांतले खांब भार घेतात आणि मधले खांब मागे राहतात, समूहगीतात काही मुलांनी नुसते ओठ हलवावे तसे! यावर खान आणि ग्रॅहम यांनी दोन वेगवेगळी उत्तरे काढली.

पहिले उत्तर म्हणजे १९६९ साली पुरा झालेला शंभर मजली, ३४४ मीटर उंच जॉन हॅन्कॉक सेंटर. त्याच्या बाहेरच्या अंगावर कित्येक मजले व्यापणाऱ्या प्रचंड फुल्या दिसतात. या तिरप्या दांड्या कोपऱ्यांतला भार मधल्या खांबांपर्यंत पोहोचवतात. काही घरांच्या खिडकीतून समोरच तिरपा पोलादी दांडा दिसतो, पण तो लपवण्याचा खटाटोप केलेला नाही. पोलाद लागले दर चौरस मीटरला सुमारे १४५ किलो.

या इमारतीच्या वेळी खानांना आणखी एक शंका होती. इमारत मोडणार नाही हे खरे, पण ती वाऱ्याने हलेल तेव्हा शंभराव्या मजल्यावरच्या माणसाला काय वाटेल? पुस्तकात उत्तर नव्हते. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात प्रदर्शनासाठी बसवलेला एक फिरता मंच होता. त्यावर माणसांना बसवून, उभे करून, आडवे करून त्यांना हालचाल केव्हा जाणवू लागते याची त्यांनी नोंद घेतली. आमच्या मते सगळ्या आकडेमोडीइतकाच हा प्रयोग मोलाचा आहे.

दुसरे उत्तर म्हणजे सिअर्स टॉवर. एकच मोठी नळी करण्याऐवजी नऊ चौकोनी नळ्यांची जुडी बांधायची. ग्रॅहमने मूठभर सिगारेटी उभ्या धरून ही कल्पना खानांना दाखवली, असे सांगतात. आपल्याकडे ती कडब्याच्या पेंढीने दाखवावी. पेंढी सैल बांधली तर धांडे एकमेकांवरून घसरतात आणि प्रत्येक जण एकेकटा वाकतो. करकचून बांधली तर सारे मिळून एका जाड खोडासारखे वागतात. सिअर्स टॉवरच्या नळ्या दोरीने बांधलेल्या नाहीत, त्यांच्या आतल्या भिंती सामाईक आहेत. प्रत्येक नळी २३ मीटर बाजूची. पन्नासाव्या मजल्यापर्यंत नऊच्या नऊ जातात, तिथे दोन संपतात. सहासष्टाव्याला आणखी दोन, नव्वदाव्याला तीन, आणि उरलेल्या दोन शेवटपर्यंत. १९७४ साली पुरी झालेली ही ११० मजली, ४४२ मीटर उंच इमारत १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच गणली जात होती. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे. एम्पायर स्टेटपेक्षा ६१ मीटर उंच असूनही पोलाद लागले दर चौरस मीटरला सुमारे १६१ किलो. या दोन्ही कामांत श्रीनिवास अय्यंगार हे भारतीय अभियंता खानांचे सहकारी होते. संस्थेच्या नावात मात्र ना खान आहेत, ना ग्रॅहम, ना अय्यंगार.

एस.ओ.एम.चे सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. १९५२ साली तिच्या गॉर्डन बनशाफ्ट या वास्तुशिल्पज्ञाने न्यूयॉर्कमध्ये लीव्हर हाउस बांधले. लाइफबॉय साबणाच्या कंपनीची ही कचेरी. चहूबाजूंनी काच, आणि खिडक्या न उघडणाऱ्या. आत हवा येणार ती यंत्रानेच. इमारत देखणी आहे यात शंका नाही, पण तिची नक्कल जगभर झाली आणि आपल्या शहरांतही काचेच्या पेट्या उभ्या राहिल्या. काचेतून ऊन आत येते, तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र तशी सहज बाहेर जात नाही. बुलढाण्या-अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असताना अशा इमारतीत वीज गेली तर काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. उघडणारी खिडकी ही मागासलेपणाची खूण नव्हे.

गंमत म्हणजे याच संस्थेने याच्या अगदी उलट कामही केले आहे. सौदी अरबस्तानात जेद्दा येथे १९८१ साली हज यात्रेकरूंसाठी विमानतळाचे टर्मिनल झाले, ते कापडी तंबूंचे आहे. काचतंतूंच्या कापडाचे २१० तंबू, प्रत्येक ४५ मीटर बाजूचा. पांढरे कापड बरेचसे ऊन परतवते, गरम हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि कडा मोकळ्या असल्याने वारा खेळतो. यातही खान होते. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, जेद्दातच हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५२.

संस्थेचे काम त्यानंतरही चालू राहिले. दुबईची ८२८ मीटरची बुर्ज खलिफा २०१० साली उघडली. तिचा पाया तीन पाकळ्यांचा आहे आणि मधल्या गाभ्याला तीन बाजूंनी टेकू दिलेले आहेत. उंचीबरोबर आकार सतत बदलत जातो. वारा एखाद्या वस्तूला वळसा घालून जाताना तिच्यामागे भोवरे सुटतात आणि ते ठरावीक तालात सुटले तर झोक्यासारखे हेलकावे वाढतात. आकारच दर टप्प्याला बदलल्यामुळे हा ताल जमत नाही.

आणि आता मुंबई. इथे प्रश्न उंचीचा नव्हता, जागेचा होता. जुने टर्मिनल चालू ठेवून, त्याला लागून आणि मग त्याच्या जागेवर टप्प्याटप्प्याने नवे बांधायचे होते. म्हणून नकाशा इंग्रजी एक्स अक्षरासारखा निघाला. बांधकामाच्या मध्येमध्ये येतील असे खांब नकोत, आणि पुढे आतली मांडणी बदलायची झाली तर खांबांची अडचण नको. तेव्हा मुख्य छत फक्त तीस खांबांवर तोलले आहे. खांबांमधले अंतर एका दिशेला ६४ मीटर, दुसऱ्या दिशेला ३४ मीटर. आपल्या शाळेचा वर्ग साधारण सहा-सात मीटर लांब असतो. तसे नऊ वर्ग एका ओळीत मांडावेत आणि मध्ये एकही खांब नसावा!

छताच्या पोलादी कैच्या खांबांजवळ अधिक खोल आणि खांबांपासून दूर उथळ केल्या आहेत. भार जिथे एकवटतो तिथेच द्रव्य जास्त, म्हणजे पुन्हा धांड्याचाच हिशेब. काही कैच्या सरळ चौकटीत आहेत, तर काही पंचेचाळीस अंशांत तिरप्या. प्रवाशाला त्या दिसत नाहीत. त्याला दिसतात ते वर जाताना छत्रीसारखे फुलत जाणारे पांढरे खांब आणि मोराच्या पिसावरून सुचलेली जाळी, जिच्या भोकांत बसवलेल्या रंगीत काचांतून दिवसाचा उजेड खाली झिरपतो. हॅन्कॉक सेंटरने आपली हाडे उघडी ठेवली, मुंबईच्या टर्मिनलने ती नक्षीच्या आवरणाखाली झाकली. कुठली रीत चांगली यावर नववी-दहावीच्या मुलांमध्ये चांगला वाद होऊ शकेल. आमच्यात तो अजून मिटलेला नाही.