गॅपची धास्ती आणि फोनचा भडिमार

बारावीचा निकाल लागला, नीटचे गुण थोडक्यात कमी पडले, की अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत घरोघरी एकच खल चालतो: रिपीट करायचं, की मिळेल त्या कॉलेजात जायचं? ‘गॅप पडला की पुढचं सगळं बंद’ ही धास्ती त्यात पहिली. आणि नेमक्या याच धास्तीवर कॉलेज शोधून देणाऱ्या संकेतस्थळांचा धंदा चालतो.

मुळात सगळं बंद होत नाही. नीटची कमाल वयोमर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच काढून टाकली. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच, म्हणजे आयआयटीसाठी गॅप घ्यायचा तर तो एकच वर्षाचा. हे गणित आधी मांडावं, लातूर-पुण्याच्या क्लासची फी नंतर भरावी.

‘गॅपमुळे शिष्यवृत्ती जाते’ हे अर्धसत्य. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत खंडाची अट आहे, पण ती अभ्यासक्रम सुरू असताना पडलेल्या दोन किंवा अधिक वर्षांच्या खंडाची. बारावीनंतर तयारीत गेलेलं वर्ष वेगळं.

‘गॅप सर्टिफिकेट’ मिळवून देतो म्हणणारे एजंटही भेटतात. असा दाखला कुठलं कार्यालय देत नसतं. या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता, एवढं सांगणारं ते विद्यार्थ्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र असतं. कॉलेजला मुद्रांकावरचं हवं आहे की साधं स्वयंघोषणापत्र चालेल, हे आधी विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० चा लागतो, त्यामुळे उगाच खर्च नको.

आता संकेतस्थळं. ‘तुमच्या गुणांत कोणतं कॉलेज?’ असं विचारणारं पान उघडतं. नाव, तालुका, गुण भरले की मोबाइल नंबर, मग ओटीपी. खाली बारीक अक्षरांत एक चौकोन असतो, बरेचदा आधीच टिक केलेला: फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर माहिती पाठवायला माझी संमती आहे. मग फोन सुरू होतात. ‘दोनच जागा उरल्यात, आज टोकन भरा.’ नंबर बहुधा वडिलांचा असतो. ते शेतात, किंवा राहुरीच्या बाजारात. घाबरून पैसे भरणारेही तेच.

‘डीएनडी केलंय, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद केलीय, मला काय होतंय’ हा इथला मोठा गैरसमज. तुम्ही स्वतः संमती दिली असेल, तर त्या कंपनीपुरती डीएनडीची भिंत उरत नाही. इन्कॉग्निटोचंही तसंच: पाहिलेली पानं आपल्या फोनच्या इतिहासात उरत नाहीत, एवढंच. फॉर्ममध्ये भरलेला नंबर समोरच्याकडे पोचलेलाच असतो. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर कायद्याच्या भरवशावर नंबर वाटू नये.

मग सगळं मुकाट सोसायचं? तेही नाही. खोटी घाई लावणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मना केलेल्या १३ ‘डार्क पॅटर्न’पैकी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांपैकी, एक आहे. तक्रारीसाठी १९१५. क्लासने फसवलं, तर पुण्यालाच जाऊन भांडावं लागतं असंही नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे अहिल्यानगरलाच, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पैसेच लुबाडले गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

प्रवेशाचं वेळापत्रक, गेल्या वर्षीचे कटऑफ, जागांची संख्या हे सगळं राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. कॉलेज तिथूनच शोधा. आणि नकोसा फोन आलाच, तर नंबर नुसता ब्लॉक करून थांबू नका. सात दिवसांच्या आत १९०९ वर कळवा.