बाळगोळीचे नवे अवतार

मुंबईच्या गिरणगावात एके काळी बाळगोळी घरोघर असे. आई पाळीवर निघाली, की मूल दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून त्याला ही अफूची गोळी द्यायची. डॉ. बार्न्स या बाईंनी केलेली चौकशी १९२२ साली प्रसिद्ध झाली, तीत गिरणीतल्या कामकरणींच्या शंभरापैकी ९८ तान्ह्यांना अफू मिळत असल्याचे आढळले. त्या माउलींना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मूल सांभाळणार कोण होते?

मी मराठीचा मास्तर. वैद्यक माझा प्रांत नव्हे. पण पिंपरी-चिंचवडमध्ये राहून गोळ्यांचा विषय कसा टळावा? आमच्या शेजारी चाकणच्या कारखान्यातला एक फिटर राहतो. पाठदुखीसाठी त्याने ट्रामाडॉल सुरू केले आणि वर्षभर घेतले. हे औषध अफूच्याच कुळातले. २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले. पाठ थांबली, पण माणूस उठेना. भूक गेली, उभे राहताच भोवळ येई. "सर, ह्यांना कामाचा कंटाळाच आलाय हो," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र सकाळचे रक्त तपासले. कॉर्टिसॉल फारच कमी!

संकट आले, की मेंदूच्या तळचा हायपोथॅलॅमस पिच्युटरीला निरोप धाडतो, पिच्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तदाब आणि रक्तातली साखर त्याच्या जोरावर टिकते. अफूची औषधे पहिला निरोपच दाबून टाकतात. सर्वांच्याच बाबतीत असे होत नाही. पण ज्याचे होते, त्याला साधा ताप किंवा शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते. गंमत अशी, की देह स्वतःही अफूसारखे एंडॉर्फिन बनवतो, आणि ते व ॲड्रीनलला जागे करणारे संप्रेरक एकाच प्रथिनाचे तुकडे असतात. सख्खी भावंडेच म्हणा ना!

वहिनींनी गोळ्यांचे पाकीट संडासात ओतायचे ठरवले होते. डॉक्टरांनी अडवले. औषध एकदम तोडले, की दाबलेली यंत्रणा उसळते: घाम, धडधड, झोपेचा पत्ता नाही. त्यांनी मात्रा हळूहळू उतरवली, आणि मध्यंतरी हायड्रोकॉर्टिझोन दिले. आता तो पुन्हा पाळीवर जातो. कमरेला पट्टा असतो, आणि जड भाग उचलण्याऐवजी त्याला तपासणीच्या टेबलावर बसवले आहे.